वाचनालयाच्या कपाटात आपला तालुका आहे का?

परवा भर दुपारी गावातल्या वाचनालयात गेलो होतो. पंख्याखाली पेपर वाचणारे चार ज्येष्ठ, आतल्या खोलीत स्पर्धा परीक्षेची सात-आठ पोरं आणि टेबलाशी एक आई. सोबत दहावीची परीक्षा दिलेली मुलगी. आई म्हणाली, "हिला सुट्टीत वाचायला एखादी चांगली कादंबरी द्या." ग्रंथपालांनी सवयीनं 'मृत्युंजय' काढून दिली. पुस्तक मोठंच आहे, त्याबद्दल वाद नाही. मी तिच्या वयाचा होतो तेव्हा मलाही तेच दिलं होतं. पण मुलीनं हळूच विचारलं, "आत्ताचं काही नाही का?"

ग्रंथपाल गप्प. खरं सांगायचं तर मीही गप्पच. कारण कपाटात 'आत्ताचं' नव्हतंच.

"हल्लीची पोरं वाचत नाहीत" असं आपण उठता-बसता म्हणतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा किती स्टेटस ठेवले आपण! पण पोरांच्या हातात द्यायचं काय, तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीची तीच चार-पाच नावं. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी कादंबरी आपल्या तालुक्याच्या बसस्टँडपर्यंत, बाजार समितीपर्यंत, ग्रामपंचायतीच्या मीटिंगपर्यंत येऊन पोचली, आणि आपल्याला पत्ताच नाही. मी रोज इथं ज्या विषयांवर लिहितो ना, त्या प्रत्येकावर कुणीतरी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहून ठेवलंय. म्हणून या सुट्टीसाठी ही यादी.

सुरुवात शेतीपासून. "कर्जबाजारीपणाला कंटाळून" हे दोन शब्द मी बातमीत किती वेळा लिहिले असतील, मोजदाद नाही. दोन कॉलमची बातमी, सोबत पासपोर्ट साइज फोटो, विषय संपला. त्या दोन शब्दांच्या आधीची सगळी वर्षं वाचायची असतील तर सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचा. शिकलेला एकनाथ, नोकरीसाठी भरायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलेला, आणि हळूहळू उसवत जाणारं घर. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला आहे. पण पुरस्कारासाठी वाचू नका. आपल्या ओळखीतले पाच एकनाथ आठवतील, त्यासाठी वाचा.

"उन्हाळ्यात एवढं जड कशाला?" असं म्हणणाऱ्यांसाठी रमेश इंगळे उत्रादकरांची 'निशाणी डावा अंगठा'. साक्षरता अभियान कागदावर कसं शंभर टक्के यशस्वी होतं, याची गोष्ट. मास्तर लोक, अहवाल, तपासणी, वरून आलेले आदेश. हसून हसून पुरेवाट होते आणि मग एकदम लक्षात येतं, अरे, हे तर आपल्या गावात आजही चालू आहे, फक्त योजनेचं नाव बदललंय. शिक्षक मित्रांनो, तुम्ही तर ही वाचाच. याच लेखकाची 'सर्व प्रश्न अनिवार्य' ही कादंबरी दहावीच्या परीक्षेभोवती फिरते. दर मार्चमध्ये आपल्या केंद्रांवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. बातमीत येतं ते "परीक्षा शांततेत सुरू".

तिसरी, कविता महाजन यांची 'ब्र'. स्वयंसेवी संस्थेत काम करणारी प्रफुल्ला आदिवासी भागात फिरते, पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटते. कादंबरी २००५ ची. तेव्हा महिलांना एक तृतीयांश आरक्षण होतं, २०११ मध्ये महाराष्ट्रात ते पन्नास टक्के झालं. तरी ग्रामसभेत ताई बसलेल्या आणि बोलतोय त्यांचा नवरा, हे दृश्य मी अजूनही बघतो. सरपंचताईंनी ही आधी वाचावी आणि मग घरी द्यावी. मुलांसाठी मात्र नको, मोठ्यांनी वाचायचं पुस्तक आहे.

चौथी, कृष्णात खोतांची 'रिंगाण', २०२३ ची साहित्य अकादमी मिळालेली. धरणासाठी गाव उठतं. माणसं नव्या जागी जातात, जनावरं मागं राहतात. मागं राहिलेल्या म्हशीला आणायला एक माणूस परत जुन्या गावाकडं जातो. गोष्ट एवढीच. पण पुनर्वसन म्हणजे प्लॉट आणि मोबदला एवढंच समजणाऱ्या आपल्यासारख्यांना ती सहज सोडत नाही. विस्थापितांची मोर्चाची बातमी मी अनेकदा केली, पण "तुमच्या गुरांचं काय झालं?" हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. भाषा कोल्हापूरकडची आहे. पहिली दहा पानं अडखळाल. मोठ्यानं वाचा, आपोआप सुटेल.

पाचवी माझी सगळ्यात लाडकी, देवीदास सौदागर यांची 'उसवण'. छोटंसं पुस्तक, दोन दुपारींत संपेल. रेडीमेड कपडे आले आणि शिंप्याचं मशीन थंडावलं, त्याची गोष्ट. लेखक तुळजापूरचे, स्वतः शिलाईकाम केलेले. २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या मेन रोडवर पूर्वी किती टेलर होते आणि आज किती उरलेत, मोजा जरा. दुकानं बंद होतात त्याची बातमी होत नाही, नवीन शोरूमच्या उद्घाटनाची होते. जाहिरात मिळते ना तिथं! आमच्या धंद्याची ही गोची मी लपवणार नाही.

आणि सहावी, मनोज बोरगावकरांची 'नदिष्ट'. नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहणारा माणूस आणि नदीकाठानं जगणारी, समाजानं बाजूला टाकलेली माणसं. आपल्या नदीवर मी कितीदा लिहिलं, वाळू उपसा, सांडपाणी, जलपर्णी. पण नदीवर माया केल्याशिवाय तिच्यासाठी कुणी भांडत नाही, हे मला या पुस्तकानं शिकवलं. ऐन उन्हाळ्यात वाचायला याहून चांगलं काही मला तरी माहीत नाही.

आता मुद्दा. ही सहा लेखकांची सात पुस्तकं. यातली आपल्या वाचनालयात किती? मी कपाटं बघून आलोय. एक. 'बारोमास', तीही बाइंडिंग सुटलेली. बाकी नवीन खरेदीत काय दिसलं? व्यक्तिमत्त्व विकास, यशाची सूत्रं, आणि घाऊक सवलतीत आलेले गठ्ठे. पुस्तकाच्या पाठीवर शिक्का पडला, दाखल नोंद झाली, काम झालं.

ग्रंथपालांना दोष देणं सोपं आहे. तो माणूस तुटपुंज्या पगारावर वाचनालय उघडं ठेवतो, हेच खूप. अनुदान वेळेवर येत नाही, हेही खरं. पण १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशावर. रस्त्यावर खड्डा पडला की आपण फोटो काढून टाकतो. वाचनालयाच्या कपाटात वीस-पंचवीस वर्षांचा खड्डा आहे, त्याचा फोटो कुणी काढायचा?

काही जण म्हणतील, कादंबरी वाचून का कुठं प्रश्न सुटतात? नाही सुटत. पण शिंप्याची, विस्थापिताची, सरपंचताईची गोष्ट पंधराव्या वर्षी वाचलेली मुलगी उद्या तहसीलदार झाली, बँकेत बसली किंवा माझ्यासारखी बातमीदार झाली, तर समोर आलेल्या माणसाकडं अर्ज क्रमांक म्हणून बघणार नाही, एवढी आशा मला आहे.

करायचं काय? वाचनालयाचे सभासद व्हा. मागणीची वही मागा आणि त्यात पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव नीट लिहा. दहा जणांनी लिहिलं तर समितीला खरेदीत विचार करावा लागेल. वार्षिक सभेला जा, तिथं चहा-बिस्किटाशिवाय खरेदीची यादीही मागता येते. वाढदिवसाला शाल-श्रीफळ आणि फ्लेक्सऐवजी एक कादंबरी वाचनालयाला द्या. फ्लेक्सच्या खर्चात चार-पाच येतील.

माझ्याकडची 'उसवण' आणि 'नदिष्ट' मी काल वाचनालयात देऊन आलो. ग्रंथपालांना सांगितलंय, 'उसवण' आधी त्या मुलीला द्या. तिचा प्रश्न बरोबर होता, उत्तर द्यायला आपल्यालाच उशीर झाला.

तुमच्या गावच्या वाचनालयात यातली किती पुस्तकं आहेत, जाऊन बघा आणि खाली लिहा. गावाचं नाव टाकायला विसरू नका.