‘दॅट’च्या अलीकडे आणि पलीकडे

गेल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला आम्हांला निबंध लिहायला सांगितला होता. विषय नेहमीचाच, न विसरता येणारा प्रसंग. मी आमच्या विहिरीत पडले होते तो प्रसंग लिहिला. आठ वर्षांची होते. पोहरा ओढताना पाय निसटला आणि खाली गेले. चुलत्यांनी उडी टाकून केसाला धरून वर काढले. निबंधात एक वाक्य होते : ‘आय थॉट दॅट आय ॲम डेड.’ सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचले आणि म्हणाले, “मेलेली मुलगी निबंध लिहिते आहे, बघा!” सगळे हसले, मीही हसले. वहीत तांबड्या शाईने दुरुस्ती होती : ‘आय थॉट दॅट आय वॉज गोइंग टु डाय.’

सरांचे चुकले नव्हते. इंग्रजी व्याकरणाप्रमाणे तेच बरोबर. पण खोलीवर आल्यावर मी ती दोन्ही वाक्ये परत परत वाचली आणि दुरुस्त केलेले वाक्य काही मला माझे वाटेना. विहिरीत मला ‘मी मरणार होते’ असे वाटले नव्हते. “आता मी मेले!” असे वाटले होते. घरी आई अजून ही गोष्ट सांगते तेव्हा तसेच सांगते, “पोरीला वाटलं, आता मी मेले.” कोणी हसत नाही.

तेव्हापासून मला त्या ‘दॅट’चा नाद लागला. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मीच पहिली, त्यामुळे विचारायला घरात कोणी नाही. ग्रंथालयात जे मिळाले आणि सरांनी पुढे जे समजावले (हसले तरी त्यांनी समजावले मात्र मनापासून), त्यावर हा लेख आहे.

इंग्रज माणूस स्वतःचा अनुभव सांगताना वाक्याचे दोन भाग करतो. अलीकडे ‘मी’ आणि एक क्रियापद : थिंक, फील, नो, रिअलाइझ. मग ‘दॅट’. त्याच्या पलीकडे जे वाटले, दिसले, कळले ते. आपल्या व्याकरणात याला मिश्र वाक्य म्हणतात आणि पलीकडच्या भागाला नामवाक्य. हा ‘दॅट’ मुळात ‘ते’ असा बोट दाखवणारा शब्द होता, असे इंग्रजी भाषेचा इतिहास लिहिणारे सांगतात. ‘मला ते ठाऊक आहे : तो आजारी आहे.’ दोन सुटी वाक्ये होती. पुढे मधला थांबा गेला, ‘ते’ दुसऱ्या वाक्याला चिकटले आणि त्याचे उभयान्वयी अव्यय झाले. म्हणजे बोट राहिले, पण ते बोट आहे हे लोक विसरले.

एकदा चिकटल्यावर मात्र पलीकडच्या वाक्याला स्वतःचा काळ उरला नाही. अलीकडे ‘थॉट’ असा भूतकाळ आला की पलीकडचा ‘ॲम’ मुकाट्याने ‘वॉज’ होतो. बोलणारा आज कोरड्या जमिनीवर उभा आहे आणि तिथूनच तो त्या वेळचे सगळे मोजतो. आपली मराठी तसे करत नाही. ‘मला वाटले तो येतो आहे’ म्हणताना आपण त्या क्षणात परत जातो आणि तिथला काळ तिथेच राहू देतो. माझी चूक झाली ती एवढीच, की मी इंग्रजीत मराठी विहीर खणली.

पण इंग्रजी इथे गरीब आहे असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. उलट, काही ठिकाणी तिची बारकाई बघून मी थक्क झाले. ‘आय रिमेंबर गोइंग देअर’ म्हणजे तिथे गेल्याचे डोळ्यांसमोर उभे राहते आहे. ‘आय रिमेंबर दॅट आय वेन्ट देअर’ म्हणजे गेले होते ही गोष्ट लक्षात आहे, डोळ्यांसमोर काही असो वा नसो. ‘आय सॉ हिम फॉल’ म्हणजे पडताना पाहिले. ‘आय सॉ दॅट ही हॅड फॉलन’ म्हणजे गुडघ्याला लागलेले पाहून ओळखले. ‘आय हर्ड हर सिंग’ म्हणणाऱ्याने गाणे ऐकले. ‘आय हर्ड दॅट शी सँग’ म्हणणाऱ्याने बहुधा नुसती बातमी ऐकली. ‘दॅट’ आला की अनुभव जातो आणि माहिती येते. इंग्रजांनी आपल्याकडे १८७२ साली पुराव्याचा कायदा केला, त्यात पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्यानेच आणि ऐकलेल्या गोष्टीची ऐकणाऱ्यानेच द्यावी असे कलम होते. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा आला, तरी हे तत्त्व त्यात राहिले आहे. कलम वाचताना मला वाटले, ज्या लोकांच्या रोजच्या बोलण्यात एवढा भेद आहे त्यांना ते लिहायला फार जड गेले नसेल.

मग घोटाळा कुठे आहे? तो ‘आय फील दॅट’मध्ये आहे.

‘फील’ म्हणजे जाणवणे. भूक जाणवते, थंडी जाणवते. त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. पण ‘आय फील’च्या पुढे ‘दॅट’ ठेवला की पलीकडे काहीही मांडता येते. ‘आय फील दॅट यू आर सेल्फिश.’ यात भावना कोणती? एकही नाही. आहे तो समोरच्यावर आरोप, वर पदर तेवढा भावनेचा. मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या लोकांना हेच बजावले होते की ‘फील’नंतर ‘दॅट’ किंवा ‘लाइक’ आला तर ती बहुधा भावना नव्हे, ते मत आहे. हल्ली तिकडची तरुण मंडळी ‘दॅट’ टाकून ‘आय फील लाइक’ म्हणतात. पदर बदलला, एवढेच.

‘आय थिंक’ची गोष्ट आणखी गमतीची. जे. ओ. अर्मसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५२ साली ‘माइंड’ या नियतकालिकात दाखवून दिले की ‘ही इज ॲट होम, आय थिंक’ म्हणणारा आपल्या डोक्यात काय चालले आहे ते सांगत नसतो. माझ्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा, ते सांगत असतो. पुढे १९९१ मध्ये सँड्रा थॉम्पसन आणि अँथनी म्यूलक यांनी अमेरिकन लोकांची रोजची संभाषणे तपासली, तेव्हा ‘मी’ आणि ‘थिंक’ असले की लोक ‘दॅट’ सहसा गाळतात असे दिसले. म्हणजे जिथे खरोखर स्वतःचे बोलायचे तिथे इंग्रज माणूस ‘दॅट’ गिळतो आणि आम्ही परीक्षेच्या भीतीने तो प्रत्येक वाक्यात ठासून भरतो! आमच्या वक्तृत्व स्पर्धेत एका वक्त्याने पाच मिनिटांत किती वेळा ‘आय फील दॅट’ म्हटले ते मी मोजत होते. अकरानंतर मोजणे सोडले.

इथे माझी मराठी बाजू शुद्ध आहे असेही नाही. आपले ‘वाटणे’ हे क्रियापद तर दोन्ही घरचे पाहुणे आहे. मला भीती वाटते, मला वाईट वाटते आणि मला वाटते की सरकारचे धोरण चुकले, सगळे एकाच तोंडाने. फरक एवढाच, की आपण ‘मी’ म्हणत नाही, ‘मला’ म्हणतो. वाटणे आपल्याकडे येते, आपण ते करत नाही. इंग्रजीतही पूर्वी असे होते. जुन्या इंग्रजीत विचार करणे आणि भासणे यांची दोन वेगळी क्रियापदे होती. ‘मला भासते’ या अर्थाचे ‘मीथिंक्स’ शेक्सपिअरच्या काळापर्यंत चालत होते. पुढे दोन्ही रूपे एकात मिसळली, ‘मला’ जाऊन ‘मी’ आला आणि इंग्रज माणूस आपल्या वाटण्याचा मालक झाला. यात त्याचे भले झाले की नाही हे मी ठरवणार कोण? पण मला ‘मला’च बरे वाटते.

आता कोणी म्हणेल, एका शब्दासाठी एवढा कीस कशाला? सांगते. मागल्या पावसाळ्यात मी राहते त्या वसतिगृहाच्या पिण्याच्या पाण्याला वास येऊ लागला. मुली आजारी पडल्या. आम्ही अर्ज केला आणि वजन पडावे म्हणून तो इंग्रजीत केला. मसुदा माझाच. ‘वुई फील दॅट द वॉटर इज नॉट क्लीन.’ मला तेव्हा ते फार सभ्य वाटले होते. पंधरा दिवसांनी उत्तर आले की विद्यार्थिनींच्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.

भावना! पाण्याला वास येत होता. तो आम्हांला ‘वाटत’ नव्हता, येत होता. नाकाने घेतलेला अनुभव मीच ‘दॅट’च्या पलीकडे नेऊन ठेवला आणि त्याचे मत करून टाकले. मताची नोंद घेता येते. वासाची घ्यायची तर टाकीवर चढावे लागते. गावाकडची माझी आई, जिने कधी अर्ज लिहिला नाही, ती सरळ म्हणाली असती, “पाणी घाण येतंय, वास घेऊन बघा.”

दुसरा अर्ज आम्ही मराठीत लिहिला. पाण्याला वास येतो. नऊ मुलींना जुलाब झाले. त्यांची नावे खाली आहेत. सोबत एक बाटली भरून दिली. आठवड्यात टाकी धुतली गेली. हे भाषेमुळे झाले की बाटलीमुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. माझ्या मैत्रिणी म्हणतात बाटलीमुळे.

यंदा द्वितीय वर्षालाही इंग्रजीला तोच निबंध आला. मी परत विहीरच लिहिली, दुसरा प्रसंग माझ्याकडे नाही. त्या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. मग ‘दॅट’ गाळला, त्याच्या जागी दोन टिंबे दिली आणि पुढे अवतरणचिन्हांत लिहिले, ‘आय ॲम डेड.’ वही परत मिळाली तेव्हा त्या दोन टिंबांभोवती तांबड्या शाईचे वर्तुळ होते. शेजारी काहीच लिहिलेले नव्हते. गुण कापले नव्हते.

— द्वितीय वर्ष, कला