खुले दार, खुली माहिती

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आणि २३ मार्चला जागतिक हवामान दिन साजरा होतो. या निमित्ताने भूविज्ञान आणि हवामानशास्त्राच्या काही सरकारी संस्था आपली दारे सर्वसामान्यांसाठी उघडतात. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेत विद्यार्थी आणि नागरिक उपकरणे पाहायला येतात, शास्त्रज्ञ त्यांच्या शंकांचे निरसन करतात. उपक्रम स्तुत्यच आहे. परंतु जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचे जनतेप्रति असलेले उत्तरदायित्व वर्षातील एका दिवसाच्या प्रदर्शनाने पूर्ण होते काय?

या प्रश्नाचे गांभीर्य कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावूरमध्ये विशेष जाणवते. १८०८ मध्ये विल्यम लँबटन यांनी दक्षिण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवण्याचा प्रयत्न केला. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याच्या दुरुस्तीत कित्येक आठवडे गेले. त्या वेळी तंजावूरच्या गादीवर दुसरे सरफोजी होते. ग्रंथ, नकाशे आणि पाश्चात्त्य शास्त्रे यांत रमणारा हा मराठा राजा. पण राज्यकारभार १७९९ च्या तहानेच कंपनीच्या हाती गेला होता. भूमी तंजावूरची होती, तिचे मोजमाप मात्र कंपनी सरकारच्या उपयोगासाठी होते.

कंपनी गेली, मोजमाप आणि जनता यांतील अंतर मात्र पुरते मिटले नाही. २०१० मध्ये मन्नारगुडी परिसरातील कोळशाच्या थरांतून मिथेन काढण्याचा प्रकल्प मंजूर झाला. भूजलाची पातळी किती खाली जाईल, समुद्राचे खारे पाणी किती आत येईल, हे शेतकऱ्यांचे प्रश्न मूलतः भूविज्ञानाचे होते. त्यांची चर्चा मात्र रस्त्यावर आणि न्यायालयात झाली. अखेर २०२० मध्ये तमिळनाडू सरकारला कायदा करून हा प्रदेश संरक्षित कृषी क्षेत्र ठरवावा लागला. तरीही २०२३ मध्ये केंद्राच्या कोळसा लिलावाच्या यादीत याच पट्ट्यातील क्षेत्रे आली आणि राज्याच्या विरोधानंतर वगळण्यात आली. प्रकल्प योग्य की अयोग्य, हा येथे मुद्दा नाही. निर्णयाआधी शास्त्रज्ञ आणि शेतकरी एका जाजमावर बसले असते, तर वाद निदान समान माहितीच्या आधारे झाला असता.

अर्धवट माहितीने घबराट पसरते, असा आक्षेप प्रशासनात नेहमी घेतला जातो. अनुभव उलट आहे. अधिकृत माहिती जेथे पोहोचत नाही, तेथे अफवा पोहोचते. विज्ञानाला जे निश्चित सांगता येत नाही, तेही प्रांजळपणे सांगितले तर विश्वास वाढतोच. कोयनेच्या खोऱ्यात १९६७ च्या भूकंपापासून धरण आणि धक्के यांच्या नात्याचा प्रश्न लोकांच्या मनात आहे. भूकंपाच्या अभ्यासासाठी तेथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले आहे. त्यातून काय कळले, हे जाणण्याचा पहिला हक्क त्या खोऱ्यातील गावांचा आहे.

यासाठी नवा कायदा नको. माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ स्वतःहून माहिती प्रकट करण्यास सांगते आणि त्यासाठी स्थानिक भाषेचा विचार करण्यासही बजावते. त्याच्या अंमलबजावणीसाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत. खुला दिवस मुख्यालयापुरता न ठेवता, जेथे उत्खनन किंवा धरण प्रस्तावित आहे त्या तालुक्यात निर्णयापूर्वी भरवावा. भूजल, माती आणि भूकंप यांच्या नोंदी तेथील भाषेत मांडाव्यात. नागरिकांच्या प्रश्नांची नोंदवही ठेवून ठरावीक मुदतीत लेखी उत्तरे द्यावीत.

सरफोजींनी समृद्ध केलेला सरस्वती महालचा ग्रंथसंग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला आणि राजवाड्यातील विद्या नगरात आली. आपल्या पायाखालच्या भूमीविषयीची माहितीही तशीच सार्वजनिक झाली पाहिजे.