बाटलीतला सालसा अन् पाट्यावरचा ठेचा



परवा पुण्याहून भाचा आला. लेकरांसाठी चिप्सची पाकिटं अन् एक काचेची बाटली घेऊन. आत हिरवी चटणी, वर नाव ‘सालसा’. लेकरं तुटून पडली. मोठेही म्हणाले, काय चव आहे! तेव्हा आमच्याच मिरचीचं पोतं अंगणात पडून होतं. तोडाईची मजुरी अन् गाडीभाडं जाऊन हाती काही उरत नव्हतं, म्हणून ते बाजारात नेलंच नव्हतं.

मायनं बोट लावून चाखलं अन् म्हणाली, “हा तं आपला टमाट्याचा ठेचाच हाय, पातळ केलेला.”

माय बरोबर बोलली. सालसा म्हणजे स्पॅनिश भाषेत सॉसच. मेक्सिकोत हिरव्या सालशात टोमॅटिलो घालतात, कागदी टरफलातलं आंबट फळ. आपल्या सोयाबीनात उगवणारी चिरबोटी त्याच्याच भावकीतली. तिकडच्या बायाही तव्यावर भाजतात अन् दगडाच्या खलात वाटतात. अन् मिरची-टमाटे आपल्याकडे आले तेही मुळात अमेरिका खंडातूनच, पोर्तुगीजांच्या काळात. म्हणून ‘परदेशी खाऊ नका’ असं मी म्हणणार नाही. माझं भांडण लाजेशी आहे.

मजूर बांधावर भाकरीसोबत खातो तो ठेचा. पाहुण्यापुढे मात्र तो ठेवायला आपल्याला कसंतरी वाटतं. तोच बाटलीत भरून आला की कौतुक. काहून? ज्याची आपल्यालेच लाज, त्याले शहरवाला भाव काहून देईन?

कोणी म्हणेल, वेळ कुठे आहे? पंधरा-वीस मिनिटं लागतात. घ्या लिहून.

पांढुरके, पिकायला टेकलेले हिरवे टमाटे पाव किलो. अगदी कोवळे नको, कडवट लागतात. पाच-सहा हिरव्या मिरच्या, त्यांना चीर द्या, नाहीतर तव्यावर फुटून डोळ्यात उडतात. लसणाच्या आठ पाकळ्या सालीसकट, एक लहान कांदा अर्धा कापून. सगळं कोरड्या तव्यावर मध्यम आचेवर भाजा. काळे डाग पडले पाहिजेत, चव त्या डागातच आहे. मिरची-लसूण आधी होते, ती काढून घ्या. टमाटे नरम होईपर्यंत राहू द्या.

थंड झालं की लसूण सोला. आधी मीठ-मिरची-लसूण ठेचा, मग टमाटे. कांदा बारीक चिरून घाला, मूठभर सांभार, अर्धं लिंबू. पाटा नसेल तर मिक्सर दोन-तीनदाच फिरवा, जास्त फिरवलं तर पाणी होतं. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

अन् चिप्स? रात्रीच्या ज्वारीच्या भाकरीचे तिकोनी तुकडे करा, तव्यावर मंद आचेवर कडक होऊ द्या. नाहीतर उन्हाळ्यातले ज्वारीचे पापड आहेतच. बटाट्याच्या चिप्ससोबत खाल्लं तरी माझी हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी घरी हेच केलं. चव बाटलीसारखी नव्हती, टोमॅटिलोचा आंबटपणा वेगळाच असतो. पण वाटी आधी संपली, बाटली अर्धी राहिली. भाच्यानं जाताना डबा भरून मागितला.

एका वाटीनं मिरचीचा भाव वाढणार नाही, हे मलाही कळतं. त्यासाठी साठवण पाहिजे, प्रक्रिया पाहिजे, चार गावांनी एकत्र यावं लागेल. पण आपला माल बाटलीत भरून विकायचा, तर पहिले तो आपल्या ताटात मानानं बसला पाहिजे. पुढच्या वेळी पाहुणे आले की चिप्सच्या बाजूला ही वाटी ठेवा. अन् नाव विचारलं तर मान खाली न घालता सांगा: ठेचा.

— चांदूर बाजारच्या वावरातून