घटस्फोटानंतरची मुदत : दोन देशांची दोन घड्याळे

परदेशात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या लग्नाची तारीख पंचांगापेक्षा रजेवरच अधिक ठरते. डिसेंबरमधील तीन आठवडे, मंगल कार्यालयाची मिळेल ती तारीख आणि हाती परतीचे तिकीट. पुनर्विवाह असेल तर या हिशेबात आणखी एक तारीख धरावी लागते, ती म्हणजे कायद्याने पुन्हा विवाह करण्याची मोकळीक ज्या दिवशी मिळते तो दिवस. ती चुकली तर काय होते, हे बहुतेकांना वेळ निघून गेल्यावर कळते.

समजा, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या रहिवाशाला सप्टेंबरमध्ये घटस्फोट मिळाला आणि त्याने डिसेंबरमध्ये पुण्यात विवाह केला. पुण्यात विधी होतील, नोंदणीही होईल. परंतु विस्कॉन्सिनचा कायदा घटस्फोटाच्या निकालापासून सहा महिने पुनर्विवाहाला मनाई करतो आणि त्या काळात झालेला विवाह अवैध ठरवतो, मग घटस्फोट त्या राज्यात झालेला असो वा अन्यत्र. अशा वेळी नव्या जोडीदाराला काहीच ठाऊक नसते, आणि सर्वाधिक नुकसान मात्र त्याचेच होते.

मुदत कशासाठी?

पुनर्विवाहापूर्वीच्या सक्तीच्या प्रतीक्षेमागे इतिहासात मुख्यतः दोन कारणे दिसतात. पहिले कारण पितृत्वाचे. घटस्फोटानंतर लवकरच जन्मलेले मूल कोणाचे, हा वाद टाळण्यासाठी स्त्रीला थांबायला लावले गेले. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील ‘इद्दत’ याच विचाराशी निगडित आहे. जपानच्या १८९८ पासूनच्या नागरी कायद्यातही स्त्रीवर सहा महिन्यांची बंदी होती. पुरुषावर कोणतीही नव्हती. घटस्फोटानंतर ३०० दिवसांच्या आत जन्मलेले मूल पूर्वपतीचे आणि विवाहानंतर २०० दिवस उलटल्यावर जन्मलेले मूल नव्या पतीचे, असे तेथील कायदा गृहीत धरत असे. या दोन गृहीतकांचा गोंधळ टाळायला प्रत्यक्षात १०० दिवस पुरे होते. डिसेंबर २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने १०० दिवसांपलीकडची बंदी घटनाबाह्य ठरवली, पुढच्या वर्षी कायदा बदलला आणि १ एप्रिल २०२४ पासून ही बंदी पूर्णपणे रद्द झाली. डीएनए चाचणीच्या काळात या कारणात फारसा अर्थ उरलेला नाही.

दुसरे कारण न्यायालयीन आहे आणि ते अजूनही ग्राह्य आहे. घटस्फोटाच्या निकालावर अपील होऊ शकते. अपिलात निकाल फिरला तर पहिला विवाह पुन्हा जिवंत होतो, आणि दरम्यान झालेला दुसरा विवाह अडचणीत येतो. म्हणून निकाल अंतिम होईपर्यंत थांबा, असे कायदा सांगतो. टेक्सासमध्ये ही मुदत ३० दिवसांची आहे आणि सबळ कारण असल्यास न्यायालय ती माफ करू शकते. मॅसॅच्युसेट्समध्ये निकालानंतर ९० दिवसांनी घटस्फोट पूर्ण होतो. इंग्लंड व वेल्समध्ये सशर्त आदेशानंतर किमान सहा आठवडे व एक दिवस थांबून अंतिम आदेश मागावा लागतो; तो मिळेपर्यंत पती-पत्नी विवाहितच असतात.

भारतीय कायदा काय म्हणतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १५ नुसार अपिलाचा हक्कच नसेल, अपिलाची मुदत अपील न होता संपली असेल, किंवा अपील फेटाळले गेले असेल, तरच पुनर्विवाह करता येतो. मूळ कायद्यात याशिवाय एक वर्ष थांबण्याची अट होती. ती १९७६ मध्ये काढून टाकण्यात आली. अपिलाची मुदत पूर्वी ३० दिवस होती, ती २००३ मध्ये ९० दिवस झाली. मात्र कुटुंब न्यायालय कायद्यात ३० दिवसांचीच तरतूद राहिली. कोणती मुदत खरी, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाकडे गेला आणि २०१६ मध्ये पूर्णपीठाने ९० दिवसांच्या बाजूने निर्णय दिला.

परस्पर संमतीच्या घटस्फोटाची गोष्ट वेगळी आहे. तेथील सहा महिन्यांची प्रतीक्षा घटस्फोटापूर्वीची आहे, पुनर्विवाहापूर्वीची नव्हे. पुष्कळांची गल्लत येथेच होते. ती सहा महिन्यांची अटही योग्य प्रकरणात शिथिल करता येते, असे न्या. आदर्शकुमार गोयल व न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. कुटुंब न्यायालयाने संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. त्यामुळे तेथे पुनर्विवाहासाठी वेगळी मुदत उरत नाही.

मुदतीआधी विवाह झाला तर?

येथे भारतीय कायदा संदिग्ध आहे. कलम १५ मनाई सूचित करते, पण ती मोडल्यास विवाह अवैध होतो असे म्हणत नाही. जुन्या एक वर्षाच्या अटीबाबतचे एक प्रकरण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले. घटस्फोटानंतर वर्षाच्या आत पुरुषाने दुसरा विवाह केला होता. त्याच्या मृत्यूनंतर पुतण्यांनी मिळकतीवर दावा सांगितला आणि ही स्त्री त्याची विधवाच नाही, असा पवित्रा घेतला. न्यायालयाने तिचा विवाह अवैध ठरवण्यास नकार दिला. २०१८ मध्ये न्या. शरद बोबडे व न्या. एल. नागेश्वर राव यांच्या खंडपीठानेही तीच दिशा धरली. त्या प्रकरणात अपील मागे घेण्याचा अर्ज झाला होता, पण ते औपचारिकरीत्या निकाली निघण्याआधी पुनर्विवाह झाला होता. उच्च न्यायालयाने तो अवैध ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

हे निकाल दिलासा देणारे असले, तरी त्यांच्या भरवशावर लग्नाची तारीख धरणे धोक्याचे आहे. दोन्ही प्रकरणांत दुसऱ्या विवाहाचे भवितव्य सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरले. पहिल्यात तर विवाह वैध होता हे सिद्ध होईपर्यंत पती हयात नव्हता.

परदेशी हुकूमनामा पुरेसा आहे?

परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी दिवस मोजण्याहून मोठा प्रश्न हा आहे. अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या न्यायालयातून घटस्फोट घेऊन दुसरा विवाह केलेल्या पतीवर पहिल्या पत्नीने द्विविवाहाची फिर्याद केली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परदेशी हुकूमनामा मानण्यास नकार दिला. विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्यात घटस्फोटाचे ते कारण असले पाहिजे, अन्यथा दुसऱ्या पक्षाने स्वेच्छेने व परिणामकारकपणे भाग घेतलेला किंवा संमती दिलेली असली पाहिजे, असे सूत्र न्यायालयाने घालून दिले. अमेरिकेत सर्रास वापरले जाणारे ‘विवाह सावरण्यापलीकडे मोडला आहे’ हे कारण हिंदू विवाह कायद्यात आजही नाही. २०२३ मध्ये घटनापीठाने या कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार मान्य केला, पण तो राज्यघटनेच्या कलम १४२ खाली सर्वोच्च न्यायालयापुरताच.

म्हणजे टेक्सासचे ३० दिवस काटेकोर पाळलेली व्यक्तीही भारताच्या दृष्टीने विवाहितच असू शकते. द्विविवाहासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. जोडीदाराच्या व्हिसासाठी पूर्वीचा विवाह कायदेशीररीत्या संपल्याचा पुरावा लागतो. वारसाहक्काच्या वादात तोच पुरावा पुढे कधीतरी मुलांना शोधावा लागतो.

उपाय काय?

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधील २८७ व्या अहवालात अनिवासी व परदेशस्थ भारतीय नागरिकांच्या वैवाहिक प्रश्नांसाठी सर्वंकष केंद्रीय कायद्याची शिफारस केली. त्या कायद्यात परदेशी हुकूमनाम्याच्या मान्यतेची सोपी प्रक्रिया हवी. त्याचबरोबर कलम १५ मधील संदिग्धता संपवून, मुदत संपताच ‘अपील दाखल नाही’ असा दाखला न्यायालयाने स्वतःहून देण्याची तरतूद हवी. निकाल अंतिम झाला की नाही हे शोधण्याचे ओझे आज पक्षकारांवर आहे, आणि ज्याचे सर्वस्व पणाला लागते त्या नव्या जोडीदाराकडे ते शोधण्याचे साधनच नसते.

तोवर पुनर्विवाह ठरवणाऱ्या दोन्ही घरांनी पत्रिकेआधी तीन गोष्टी पाहाव्यात : घटस्फोट कोणत्या न्यायालयाने दिला, दुसऱ्या पक्षाने त्यात भाग घेतला होता का, आणि दोन्ही देशांत अपिलाची व पुनर्विवाहाची मुदत कधी संपते. मंगल कार्यालयाची तारीख त्यानंतर धरावी.