खटका वर करण्याआधी एक ओळ लिहा

मे महिन्यात कोरपन्यात दुपारचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. रुग्णालयात पंखे, कूलर, लसींचे फ्रीज, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नवजात बाळांचा वॉर्मर असे सगळे एकाच वेळी सुरू असते. अशाच एका उन्हाळ्यात, मी पूर्वी नोकरीला होतो त्या रुग्णालयात, प्रसूती कक्षाची एमसीबी पडली. मामांनी खटका वर केला, काम सुरू झाले. संध्याकाळी पुन्हा पडली, रात्रीही पडली. सकाळी वायरमन आला आणि त्याने विचारले, ‘‘सर, एकूण किती वेळा पडली? तेव्हा काय काय चालू होते? वर केल्यावर लगेच पडली की थोड्या वेळाने?’’

एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. तीन पाळ्यांत तीन वेगळी माणसे होती आणि प्रत्येकाला वाटले होते की हे पहिल्यांदाच घडतेय. शोधता शोधता वॉर्मरच्या सॉकेटमागे काळवंडलेली तार सापडली. बाळे सुखरूप राहिली, पण त्याचे श्रेय आमच्या दक्षतेला देता येणार नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या डॉक्टरला तापाचा तक्ता वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ताप किती वाजता चढला, थंडी वाजली का, एक दिवसाआड येतो का, हे लिहिलेले असेल तर मलेरियाची शंका लवकर येते. नुसती पॅरासिटामॉल देत राहिलो तर ताप उतरतो, आजार तसाच राहतो. पडलेला खटका हा तापच आहे. तो वर करणे म्हणजे पॅरासिटामॉल.

या तापाचेही प्रकार आहेत. वर करताच एमसीबी पडली तर बहुधा शॉर्टसर्किट असते. काही मिनिटांनी पडली तर तारेवर झेपेल त्यापेक्षा जास्त भार आहे. आरसीसीबी पडली तर वीज कुठून तरी जमिनीकडे गळते आहे, कदाचित ओल्या कूलरच्या पत्र्यातून, कदाचित माणसाच्या शरीरातून. घरातली आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला तुटते, कारण त्याहून जास्त प्रवाह काही क्षण छातीतून गेला तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. दोष तसाच ठेवून खटका वर केला की तोच प्रवाह पुन्हा त्याच दुबळ्या तारेतून धावतो.

मोठ्या वीज उपकेंद्रांतले आधुनिक डिजिटल रिले अशा बिघाडाची वेळ, प्रवाह आणि कारण स्वतःच साठवून ठेवतात. अभियंते ती नोंद पाहून दोष शोधतात. आपल्या भिंतीवरच्या साध्या एमसीबीला मात्र स्मरणशक्ती नसते. तिच्या वतीने लक्षात ठेवण्याचे काम माणसालाच करावे लागते.

हे सारे किती गंभीर आहे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून १० बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. दुर्घटनेनंतर समिती बसते, अहवाल येतो. माझा प्रश्न दुर्घटनेआधीच्या दिवसांचा आहे. २००३ च्या वीज कायद्याचे कलम १६१ जीवितहानी झालेल्याच नव्हे, तर होऊ शकली असती अशा अपघाताचीही सूचना देण्यास सांगते. कायद्याला जे कळले, ते आपल्या वॉर्डात कधी पोहोचणार?

म्हणून प्रत्येक वितरण पेटीशेजारी दोरीने बांधलेली एक वही असावी. तारीख-वेळ, कोणता खटका, काय चालू होते, वर केल्यावर किती वेळ टिकला, कोणाला कळवले, एवढे पाच रकाने पुरेत. चोवीस तासांत तोच खटका दुसऱ्यांदा पडला, तर रुग्णाची पर्यायी सोय करून ते सर्किट बंद ठेवायचे आणि वायरमनने पाहिल्याशिवाय वर करायचे नाही.

सिस्टर म्हणतील, ‘‘सर, आधीच किती रजिस्टरे!’’ तक्रार खरी आहे. त्यांच्या नोंदींतल्या निम्म्या कोणी वाचत नाही, हेही खरे. म्हणून ही वही वैद्यकीय अधिकाऱ्याने दर सोमवारी वाचून सही करायची; न वाचल्यास दोष त्याचा. आणि लिहिणाऱ्याला ‘हीटर कोणी लावला?’ असे दरडावायचे नाही. माता मृत्यू अन्वेषणात आपण हेच शिकलो की शिक्षेची भीती असली की कागद कोरा राहतो.

घरासाठीही नियम हाच. कूलर लावला की आरसीसीबी पडते, म्हणून ती काढून थेट जोडणी करून देणारे मिस्त्री गावोगावी आहेत. तसे करू नका. खटका का पडला ते कॅलेंडरवर लिहा, कूलरचे अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबीचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.

विजेचा धक्का लागलेला माणूस आमच्याकडे येतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. नातेवाईक सांगतात, ‘‘डॉक्टरसाहेब, चार दिवसांपासून लाइन सारखी पडत होती.’’ ती नोंद आम्ही केसपेपरवर करतो. ती चार दिवस आधी, पेटीशेजारच्या वहीत व्हायला हवी.

(लेखक शासकीय रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत.)