राज्यशास्त्र शिकून मी काय कमावलं? एका कॅसलरॉकवाल्याचा हिशेब

मंडळी, गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. रात्री जेवताना धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तूच सांग हिला आता. नर्सिंगला जा म्हणतोय तर ऐकत नाही. राज्यशास्त्र घेऊन बीए करायचंय म्हणे!" पुतणीची बारावी झालीय. ती माझ्याकडे बघत होती आणि मी ताटाकडे. कारण आमच्या घरात राज्यशास्त्र शिकलेला एकटा मीच, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक.

म्हणून आधी माझाच हिशेब मांडतो. मी १९९१ ते ९४ बेळगावात बीए केलं. बाबा रेल्वेत गँगमन. पास असल्यामुळे गाडीभाडं लागायचं नाही. खोली आणि खानावळ मिळून महिना साडेचारशे, वर्षाचे दहा महिने. तीन वर्षांचे साडेतेरा हजार. फी, पुस्तकं, परीक्षा धरून आणखी अडीच हजार. म्हणजे सोळा हजार. माझ्याच वर्गातला दोस्त बारावीनंतर घाट उतरून गोव्यात कामाला लागला, महिना नऊशेवर. तीन वर्षांत त्याने बत्तीस हजार चारशे मिळवले. मी डिग्री घेऊन घरी आलो तेव्हा त्याच्यापेक्षा अठ्ठेचाळीस हजारांनी मागे होतो. पुढे मीही गोव्यातच कारकुनी धरली. तिथे "ग्रॅज्युएट आहेस का?" एवढंच विचारलं. विषय कुठला, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

म्हणजे पैशाच्या वहीत खातं तोट्यात. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण आपल्या गावाकडे बघा की. आमची आज्जी कॅसलरॉक सोडून कुठे राहिली नाही. तरी ती मुंबई इलाख्यात जन्मली, स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात आली, १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेली आणि १९७३ मध्ये कर्नाटकात. घाटाखाली १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज. या स्टेशनावर कस्टमवाले सामान तपासायचे, ते जुन्या माणसांनी पाहिलेलं. राज्याची हद्द कोण बदलतं? संविधानाचं तिसरं कलम सांगतं, संसद. अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय कुणी करायची? ३५० क. आम्ही ही कलमं परीक्षेसाठी पाठ केली, आणि ती आमच्याच घराबद्दल होती हे फार उशिरा कळलं.

मला ते कळलं वनहक्क कायद्याच्या वेळी. कायदा २००६ चा, नियम लागू झाले २००८ च्या सुरुवातीला. आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या मामांची जंगलातली शेती. दावा करायला गेले तर एका साहेबाने तोंडीच सांगितलं, तुमचं होणार नाही. मामा परत आले. मी रजा काढून गावी आलो, नियम वाचले. दावा आधी ग्रामसभेपुढे जातो. आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, पुरावा लागतो. पण पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नव्हे. गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही त्यात धरतात, जोडीला दुसरा पुरावा हवा. निर्णय पटला नाही तर साठ दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. मी दावा नीट लिहून दिला, पोच घेतली. मग आजूबाजूच्यांचेही अर्ज लिहिले, एकाचाही पैसा घेतला नाही. खरं सांगतो, मामांचा दावा अजून लटकलेलाच आहे. पण आता त्यांना कुणी तोंडी "जा" म्हणू शकत नाही.

ही कमाई कुठल्या रकान्यात लिहायची? गावाच्या खात्यात जमा होते, खर्च मात्र एकट्या बापाच्या खिशातून जातो. माझं म्हणणं हेच आहे. "ज्ञान अमूल्य असतं" म्हणून गरीब घरच्या पोरीला या वाटेला लावू नये, आणि "पगार किती?" एवढंच विचारून तिला अडवूही नये.

पुतणीला मी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, नुसत्या बीएवर थांबायचं नाही. वकिलीला आणखी तीन वर्षं, पीयू कॉलेजात शिकवायचं तर एमए आणि बीएड. म्हणजे घराने सहा-सात वर्षं सोसायची तयारी हवी, आणि ती आहे का हे आजच बापाशी बोलून घ्यायचं. दुसरी, कन्नड पक्की करायची. मराठी शाळेतनं गेलेली आपली पोरं राज्याच्या परीक्षांत तिथेच अडतात. तिसरी, स्पर्धा परीक्षा द्यायची तर किती वर्षं द्यायची ते आधी ठरवायचं. यूपीएससीला राज्यशास्त्र विषय घेता येतो, पण तिथे कुठलीही डिग्री चालते. त्या नावाखाली वयाची तिशी गाठलेली पोरं मी पाहिलीत.

भाऊ म्हणाला, "म्हणजे हो की नाही?" मी म्हटलं, वकिलीपर्यंत जाणार असेल तर हो. नाहीतर नर्सिंग. पहिल्या तीन वर्षांची खोली-खानावळ मी भरतो. २०२३ पासून बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, तेवढं भाडंही वाचेल. पुतणीने दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी फोन आला, "काका, वकिली. पण मामा आजोबांचा दावा तोवर ठेवा हं माझ्यासाठी."

आपल्यापैकी ज्यांनी बीए केलंय त्यांनी खाली आपापला खरा हिशेब लिहा. तोटा असला तरी लिहा. यंदा बारावी झालेली पोरं वाचताहेत.