गावात नवरा-बायकोला वाइन शॉप टाकता येतं का? मोझरीपासून मुंबईपर्यंतचं परवान्याचं गणित समजून घ्या

जून 2025 चा दुसरा आठवडा. अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीत बच्चू कडू शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी अन्नत्याग करून बसले होते. त्याच आठवड्यात, 10 जूनला, मुंबईत मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय झाला. आधी हे शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पट होतं, ते साडेचार पट करण्यात आलं. यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जास्तीचे मिळतील, असा सरकारचा अंदाज होता. बिअर आणि वाइनला मात्र या वाढीतून वगळलं.

पुढच्या महिन्यात बातमी आली की, राज्यात 328 नवी वाइन शॉप येणार. त्यावर बराच गदारोळ झाला. पण त्या गोंधळात एक साधा प्रश्न मागे पडला. दुकानांना परवानगी मिळणारच असेल, तर ती कोणाला? समजा, तालुक्याच्या गावातलं एखादं जोडपं आहे. दोघं शिकलेली आहेत, थोडी बचत आहे आणि त्यांना फक्त वाइनचं छोटं दुकान टाकायचं आहे. त्यांना ते जमेल का?

आधी शब्दाचा घोळ

महाराष्ट्रात 'वाइन शॉप' असा बोर्ड दिसला तरी आत मुख्यतः व्हिस्की, रम आणि बिअरच विकली जाते. एखाद्या कोपऱ्यातल्या फळीवर वाइनच्या चार बाटल्या असतात. सरकारी भाषेत या दुकानाचा परवाना म्हणजे एफएल-2. परमिट रूम म्हणजे एफएल-3, देशी दारूचं दुकान म्हणजे सीएल-3 आणि आपण ज्याला बिअर शॉपी म्हणतो ती एफएल/बीआर-2.

यातली मेख एफएल-2 मध्ये आहे. जवळपास 50 वर्षं झाली, राज्यात हे परवाने नव्याने देणं बंद आहे. आज सुरू असलेली साधारण 1,700 दुकानं जुन्याच परवान्यांवर चालतात. परवाना वारसाने मिळतो, भागीदारीत घेतला जातो किंवा सरकारच्या मंजुरीने हस्तांतरित होतो. माल मोजका आणि मागणी भरपूर, त्यामुळे अशा परवान्याचा व्यवहार साध्या जोडप्याच्या आवाक्याबाहेर गेलाय.

मग 328 दुकानं कोणाला?

प्रस्ताव असा होता की, हे परवाने मद्यनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांना द्यायचे, एका कंपनीला आठ. म्हणजे 50 वर्षांनी दार उघडलं असतं तरी आत जायला मिळालं असतं ते कंपन्यांना. विरोध वाढला तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधिमंडळाला विश्वासात घेतल्याशिवाय नवे परवाने देणार नाही, असं सांगितलं. या वादात 'दारू वाढणार' हा मुद्दा गाजला. 'छोट्या माणसाला संधी का नाही?' हे विचारणारे फार कमी होते.

2022 मध्येही असंच झालं होतं

27 जानेवारी 2022 ला महाविकास आघाडी सरकारने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. अट अशी होती की, दुकान किमान 100 चौरस मीटरचं हवं आणि वाइनसाठी वेगळं बंद कपाट हवं. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळ परवानगी नाही. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतही नाही.

सरकारचं म्हणणं होतं की, याचा फायदा द्राक्ष उत्पादक शेतकऱ्यांना होईल. देवेंद्र फडणवीस तेव्हा विरोधी पक्षनेते होते, त्यांनी महाराष्ट्राचं 'मद्यराष्ट्र' करायला निघालेत, अशी टीका केली. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. शेवटी सरकारने लोकांच्या सूचना मागवल्या आणि निर्णय तिथेच अडकला.

पण यातला एक मुद्दा लक्षात घ्या. 100 चौरस मीटर म्हणजे हजार फुटांहून जास्त जागा. म्हणजे गावातलं किराणा दुकान किंवा नवरा-बायको मिळून चालवतात ते दोन गाळ्यांचं दुकान या योजनेतही बसत नव्हतंच.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला काय मिळतं?

वाइनबद्दल सरकारचं धोरण मवाळ आहे, त्याचं कारण नाशिक. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, नाशिकजवळ विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क उभे केले. वाइनवर 20 टक्के व्हॅट लागतो, पण प्रोत्साहन योजनेत त्यातला 16 टक्के उद्योगाला परत मिळतो. 2024 मध्ये ही योजना पुन्हा सुरू झाली.

अमरावती जिल्ह्यात मात्र कापूस, सोयाबीन, तूर पिकते आणि वरूड-मोर्शीकडे संत्रा. त्यामुळे मोझरीत विकली गेलेली प्रत्येक बाटली नाशिकच्या द्राक्षाला हातभार लावेल, शेजारच्या संत्र्याला नाही. 'वाइन म्हणजे शेतकऱ्याचं भलं' ही मांडणी नाशकात पटते, वऱ्हाडात ती तशीच्या तशी लागू होत नाही.

तरीही त्या जोडप्याने ठरवलंच तर?

कायद्याने एक वाट म्हणजे बिअर शॉपी. या परवान्यावर बिअरसोबत वाइनही विकता येते. पण मोझरीसारख्या ठिकाणी पुढे चार अडथळे आहेत.

पहिला अडथळा हायवेचा. मोझरी अमरावती-नागपूर हायवेवर आहे. डिसेंबर 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. मार्च 2017 मध्ये 20 हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर केलं. नंतर शहरांना यातून सूट मिळाली. ग्रामपंचायतींच्या भागाबद्दल 2018 मध्ये राज्यांना मोकळीक दिली, पण अट पूर्ण गेलेली नाही. गिऱ्हाईक हायवेवर आणि दुकान मात्र आत, असा पेच होतो.

दुसरा अडथळा जागेचा. शाळा आणि धार्मिक स्थळांपासून ठरावीक अंतर ठेवावं लागतं. इथे तर गावाची ओळखच आश्रम आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम सुरू केला आणि व्यसनमुक्तीचं काम आयुष्यभर केलं. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते, तेव्हा राज्यभरातून गुरुदेवभक्त इथे येतात. अशा गावात परवाना मिळाला तरी लोकांचा रोष ठरलेला.

तिसरा अडथळा बायकांच्या मताचा. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. म्हणजे बचत टाकून उभा केलेला धंदा एका मतदानात बंद पडू शकतो.

चौथा अडथळा वातावरणाचा. वाइनला थंडावा लागतो. अमरावतीचा मे महिना 44-45 अंशांचा. एसी बंद पडला की माल बिघडला. व्हिस्कीला उन्हाची एवढी पर्वा नसते. म्हणून दुकानदार वाइनच्या नादी लागत नाही.

तर मुद्दा काय आहे?

दारूची दुकानं वाढू नयेत असं वाटणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. दारूने मोडलेला संसार सावरायची वेळ बाईवर येते, आणि म्हणूनच आडव्या बाटलीची ताकद तिच्या हातात दिली गेली. मोझरीहून जवळच, वर्धा नदीच्या पलीकडे, अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे.

पण सरकारला दोन्ही हवंय. नवे परवाने बंद ठेवून नैतिक बाजूही सांभाळायची आणि महसूलही वाढवायचा. यातून जुन्या परवानाधारकांची मक्तेदारी टिकते, आणि दार किलकिलं झालंच तर मोठी दुकानं किंवा कंपन्या पुढे असतात.

मोझरीच्या ग्रामसभेला 'नको' म्हणायचा अधिकार आहे, आणि तो तिच्याकडेच राहायला हवा. पण जिथे गाव 'चालेल' म्हणेल, तिथे परवाना कोणाला मिळणार, गावातल्या जोडप्याला की आठ दुकानांच्या कंपनीला? पुढच्या वेळी परवान्यांची बातमी आली की आकडा वाचून झाल्यावर ही ओळही शोधा.